तलवार आणि खरारा

वस्तुसंग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या चेहऱ्यावर आदर आणि कंटाळा एकदमच उमटतात. काचेमागे जुन्या वस्तू, वस्तूंपुढे चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांपुढे जांभया देणारी शाळकरी मुले! मला मात्र संग्रहालयांचे वेड आहे, आणि त्याला कारण अगदी घरगुती आहे. माझे पणजोबा कोल्हापूर संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. त्यांचे छायाचित्र नाही, हस्ताक्षर नाही; आत्याने सांगितलेल्या दोन-चार गोष्टी, एवढीच काय ती त्यांची इस्टेट.

त्यामुळे कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहताना माझे डोळे नकळत त्यांनाच शोधत असतात. मेजर मँट यांच्या आराखड्याप्रमाणे १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिलेली ही काळ्या दगडाची देखणी वास्तू. खालच्या मजल्यावर शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. तलवारी, बंदुका, हत्तीवरचे हौदे, पेंढा भरलेले वाघ आणि शिकारीची छायाचित्रे पाहून मन दबून जाते. ज्या राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्या घराण्याच्या या खुणा पाहताना अभिमानही वाटतो. पण पणजोबा तेथे सापडत नाहीत. सापडणार तरी कसे? राजाची तलवार जपली जाते. मोतद्दाराच्या हातातला खरारा झिजला की फेकून दिला जातो. आत्या सांगे, घोड्याच्या पाठीवरून नुसता तळहात फिरवून ते त्याचा ताप ओळखत. हे ज्ञान कोणत्या कपाटात ठेवणार?

मग राजवैभव म्हणजे केवळ राजाचेच वैभव काय? सातारा जिल्ह्यातील औंधला गेल्यावर या प्रश्नाला निराळेच वळण मिळाले. यमाईच्या डोंगरावर चढताना वाटेत श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत केवढा ठेवा त्या आडगावी! राजे स्वतः चित्रकार. कलेचा हा ठेवा त्यांनी वाड्यात कोंडून ठेवला नाही. आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. त्या चित्रांपुढे उभा असताना मला वाटले, राजाचे खरे ऐश्वर्य त्याने काय साठवले यापेक्षा काय वाटून टाकले यावरच मोजावे.

आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय! नाव ऐकून परका माणूस संस्थानिकाचा वाडा शोधत येईल. पण येथला 'राजा' सिंहासनावरचा नव्हे. तो केळकरांचा लहानपणीच वारलेला मुलगा. त्याच्या स्मरणार्थ दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेला वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, कुलपे, वज्रऱ्या, स्वयंपाकघरातील भांडी! ज्या हातांना इतिहासाने ओळख दिली नाही, त्या हातांचा स्पर्श या वस्तूंवर आहे. तेथे मी प्रथमच पणजोबांच्या जवळपास पोहोचलो. खरारा नव्हता, पण खरारा जपण्यासारखा असतो, हे मानणारा माणूस तेथे होऊन गेला होता.

तेव्हापासून मी आत्याजवळ वही घेऊन बसू लागलो आहे. पागेतील शब्द, घोड्यांची नावे, खुराकाची मापे, सणावारी मिळणारी बिदागी, जे आठवेल ते ती सांगते आणि मी उतरवून घेतो. मित्रांनो, आपापल्या घरच्या अडगळीकडे आणि म्हाताऱ्या माणसांकडे एकदा या नजरेने पाहा. तलवारींची काळजी घ्यायला पुष्कळ लोक आहेत. खरारा मात्र आपणच सांभाळला पाहिजे.