अधिक एक

आमचे चिरंजीव नवी मुंबईत डेटा सेंटरं उभारतात. म्हणजे नेमकं काय करतात, हे मला जालन्यात बसून बरेच दिवस कळलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘कॉम्प्युटरचं गोदाम’ असं सांगून मी वेळ मारून नेत असे.

गेल्या दिवाळीत चिरंजीव आले ते नव्या सेंटरचा नकाशा घेऊनच. चिवड्याची बशी बाजूला सारून कागद पसरला गेला. घर बांधण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी म्हटलं, “आधी जागा किती लागते ते बघ.”

“बाबा, आधी वीज. एका कपाटाला 5 किलोवॅट धरले, तर 100 कपाटांना 500. खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढायची तर साडेतीन किलोवॅटला एक टन एसी. म्हणजे झाले जवळजवळ दीडशे टन.”

दीडशे टन! टनाची भाषा आम्हा जालनेकरांना रोजची, पण ती सळयांची. गारवाही टनावर मोजतात, आणि तोही यंत्रांसाठी, हे ऐकून मी पंख्याखाली सरकलो.

“आणि लाइट गेली तर?” हा प्रश्न विचारण्याचा मला पूर्ण अधिकार होता.

“बॅटऱ्या काही मिनिटं तग धरतात. तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. दोन जनरेटर पुरत असतील, तर तीन बसवायचे. कायम अधिक एक.”

“म्हणजे दुबार पेरणीचं बियाणं!”

चिरंजीवांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. असे प्रसंग विरळाच. त्या भरात मी मनातलं बोलून गेलो, “मग जालन्यातच बांधा की! जागा आहे, समृद्धी महामार्ग आहे.” घर आहे, हे मात्र बोललो नाही.

“समुद्राखालून येणाऱ्या केबल्स मुंबईला लागतात, बाबा. शिवाय मोठ्या सेंटरला गार ठेवायला पाणी पुष्कळ लागतं. पाण्याशिवाय जमतं, पण मग वीज जास्त जाते.”

‘पाणी’ म्हटल्याबरोबर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. 2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत घागरी हिनेच लावल्या होत्या. “माणसांना पुरू दे आधी,” एवढंच म्हणाली. माझा प्रस्ताव एकमताने बारगळला.

निघायच्या दिवशी बॅग भरता भरता चिरंजीव म्हणाले, “बाबा, ही वरची खोली वर्षभर रिकामीच असते. भाड्याने का देत नाही?”

मी विचारलं, “तुझा तो तिसरा जनरेटर तू भाड्याने देतोस का रे?”

तो काही बोलला नाही. बॅगेतून कपड्यांचा एक जोड काढून मात्र त्याने परत कपाटात ठेवला.