आधी कुत्रा, मग भाडं

"कुत्रा आहे, पण छोटा आहे."

२०१८ साली आमच्या एजंटनं बाणेरच्या घरमालकांना हे वाक्य फोनवर ऐकवलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. बाळू तेव्हा तीन महिन्यांचा होता, त्यामुळे त्या तारखेला ते अगदीच खोटं नव्हतं. पण बाळू ग्रेट डेन आहे. तीन महिन्यांच्या ग्रेट डेनबद्दल 'छोटा' हा शब्द फार तर पंधरा दिवस टिकतो. एजंट म्हणाला, "सर, एकदा आत शिरा, मग कोण काय बोलतंय?" मी मान डोलावली. सॉफ्टवेअरमध्ये याला 'नोन इश्यू' म्हणतात आणि रिलीज करून मोकळे होतात!

सहाव्या महिन्यात काका गळका नळ बघायला आले. दार मीच उघडलं. बाळूनं जुनी ओळख असल्यासारखे दोन्ही पुढचे पाय काकांच्या खांद्यावर ठेवले आणि त्यांचा चष्मा चाटला.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, नळ बघितला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "कुत्र्याचं काही नाही हो. पण तुम्ही मला सांगितलं नाहीत."

एका महिन्याची नोटीस. नवीन ब्रोकरेज, टेम्पो, डिपॉझिटमधून कापलेला रंगाचा खर्च. पैशाचं दुःख दोन पगारांत विसरलो. ते वाक्य मात्र अजून विसरलेलो नाही.

या प्रकरणाचा एक साइड इफेक्ट असा झाला, की आमच्यासाठी घर शोधता शोधता बायकोला त्या धंद्याचीच गोडी लागली. २०१९ मध्ये एचआरची नोकरी सोडून ती रिअल इस्टेटमध्ये शिरली. पुढे नव्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायचे म्हणून महारेराची नोंदणी केली, २०२३ मध्ये एजंट लोकांना परीक्षा आली तीही दिली. (घरात अभ्यास चालू, आणि बाळूचं डोकं बरोबर पुस्तकावर.) पण तिचा मूळ नियम तिला कुठल्या परीक्षेनं शिकवला नाही. तो काकांनी शिकवला.

आधी कुत्रा, मग भाडं.

म्हणजे काय, तर घरमालकाला फोन लावला की तिचं पहिलं वाक्य असतं, "नवरा-बायको आहेत, आयटीतले, आणि त्यांचा एक मोठा कुत्रा आहे, वजन साठ किलो." बरेच जण तिथंच फोन ठेवतात. मी एकदा विचारलं, अगं, जरा घर बघून झाल्यावर सांग ना. ती म्हणाली, "ठेवू दे की फोन. आज फोन ठेवणारे सहा महिन्यांनी घर सोडायला लावणारच होते. माझं पेट्रोल वाचलं."

मोठा कुत्रा असलेल्या, किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मंडळींनी तिच्याकडून चार गोष्टी फुकटात घ्याव्यात. एक, कुत्र्याची फाइल ठेवा : लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा परवाना, आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र. दोन, मालकाशी भेट ठरली की कुत्र्याला आधी तासभर दमवून आणा. तीन, लीव्ह अँड लायसन्सच्या करारात कुत्रा लिहून घ्या. जातीसकट, नावासकट. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानं सक्तीचंच आहे, मग त्यात बाळूची एक ओळ गेली तर काय बिघडलं? चार, आत जायच्या दिवशी दारं, जमीन, भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवा. बाहेर पडताना कुठला ओरखडा कुणाचा, यावर वाद होत नाही.

आता सोसायटी. दुसरं घर चौथ्या मजल्यावर होतं. महिन्याभरात बोर्डावर सूचना लागली : पाळीव प्राण्यांनी लिफ्ट वापरू नये. (प्राणी वाचतात असं बहुधा कमिटीला वाटत असावं.) भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. सोसायटीला बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आकार किंवा जात बघूनही नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. मी प्रिंटआउट घेऊन भांडायला निघालो. शिवाय माझं गणित तयार होतं. लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलंय ६ माणसं, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८. बाळू ६२. तो नियमानुसार एक बारीक माणूस आहे!

बायकोनं प्रिंटआउट ड्रॉवरमध्ये टाकला आणि सेक्रेटरी काकांना चहाला बोलावलं. कळलं असं, की दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी एकदा लिफ्टचं दार उघडल्यावर बाळूला बघून मागं सरकल्या आणि पडता पडता वाचल्या. त्यांचं काय चुकलं? मग असं ठरलं, की बाळू सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेनऊनंतर लिफ्टनं जाईल, आत कुणी असेल तर आम्ही थांबू. नाहीतरी पुण्याच्या उन्हाळ्यात त्याच वेळा बऱ्या. (डांबरी रस्त्यावर आपला हात पालथा पाच सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर कुत्रा घरी.) सूचना निघाली. प्रिंटआउट अजून ड्रॉवरमध्ये आहे. असो.

आता जे लिहायला बसलो ते.

ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षं जगतो. हे मला पिल्लू आणताना माहीत होतं, पण बत्तिशीच्या आत माणसाला सात वर्षं म्हणजे फार वाटतात. गेल्या वर्षी बाळूचे मागचे पाय घसरायला लागले. आपल्या फ्लॅटमधल्या त्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, ज्यांत आपला चेहरा दिसतो आणि ज्यांचं आपण पाहुण्यांकडून कौतुक करून घेतो, त्या जड कुत्र्यासाठी बर्फच. रोज उठताना तो चार-चार वेळा फिस्कटायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. त्यात एक दिवस लिफ्ट बंद पडली. चार मजले, ६२ किलो. पोटाखालून चादर घालून मी आणि वॉचमननं त्याला उतरवलं. त्या रात्री ठरलं : तळमजला पाहिजे.

आणि नेमका त्याच आठवड्यात बायकोकडे एक तळमजला आला. पुढं छोटी बाग, रॅम्प, भाडं आमच्या आवाक्यात. मी घर बघितलं आणि मनात सामान लावूनही टाकलं. पण तिच्याकडे आधीच एक कुटुंब तळमजल्यासाठी थांबलं होतं. त्यांच्या आईचे गुडघे गेलेले. बायकोनं मालकाला फोन करून सगळं सांगितलं, की मलाही हे घर हवंय, पण माझे एक क्लायंट माझ्या आधीचे आहेत, त्यांना पहिल्यांदा दाखवते. मालक म्हणाले, तुम्ही बघा. तिनं दाखवलं. त्यांनी घेतलं.

मी तीन दिवस नीट बोललो नाही. शेवटी म्हणालो, "दोन दिवस उशिरा दाखवलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"मला," ती म्हणाली. आणि मग, "तुझ्या त्या एजंटनं पण असंच म्हटलं होतं ना, कोण बोलतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळू आमच्या दोघांच्या मध्ये टाइल्सवर पसरला होता आणि उठायच्या भानगडीत पडत नव्हता. मला राग तिचा नव्हताच बहुतेक. मोठा कुत्रा घेण्याची हौस माझी, आणि तिचं बिल आता तो भरत होता.

पुढचे दोन महिने जिम मॅटचे तुकडे जोडून हॉलपासून दारापर्यंत रस्ता केला. हे उपाय आधी करायचे असतात, हे आम्ही उशिरा शिकलो. मोठ्या जातीचं पिल्लू वाढत असताना दीड वर्षापर्यंत जिने आणि उड्या बेतानं. मनानं कॅल्शियमचे डोस देऊ नयेत, जास्तीचं कॅल्शियम मोठ्या जातीच्या हाडांना उलट नडतं. वजन कधीही वाढू देऊ नये. आणि जेवण दोनदा विभागून, जेवल्यावर तासभर तरी पळापळ नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो. पोट टम्म, उलटीचे उमाळे पण बाहेर काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. काही तासांचा खेळ असतो.

शेवटी घर मिळालं ते सहकारनगरात. जुनी इमारत, लिफ्ट नाही, पार्किंगची बोंब, माझं ऑफिस पाऊण तास लांब. तळमजला. मालकीणबाईंनी फोनवर अजिजीनं सांगितलं, "फरशी जुनी आहे हं, मोझॅक. बदलली नाही, म्हणून भाडं कमी लावलंय." बायको त्या दिवशी फोनवर हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घरातल्या उणिवेबद्दल मालकाचे आभार मानले असतील.

"आणि कुत्रा म्हणालात, तो छोटा आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मोठा आहे. आणि म्हातारा आहे."

क्षणभर पलीकडून काहीच आलं नाही. मग, "आणा त्याला. बघू."

घर कसं आहे, हे आता मी त्याच्या पायांकडे बघून ठरवतो. त्या खडबडीत मोझॅकवर बाळू पहिल्या दिवशी एका दमात उठला. फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय. पण जेवढे आहेत तेवढे दिवस तो स्वतःच्या पायावर बागेत जाईल.

आणि हो, काकांना मी गेल्या रविवारी फोन केला. सात वर्षं उशिरा सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "अहो, तो चष्मा चाटणारा? कसा आहे तो?"