नळाचा तो वास

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. पाळी संपवून घरी आले की सदऱ्याला क्लोरीनचा वास यायचा, आणि रात्रभर त्यांचा खोकला चालायचा. पावसाळ्यात चाळीच्या नळाला तोच वास आला की मला तो खोकला ऐकू येई. क्लोरीनविषयीचं माझं मत वाचनाच्या आधीच झालं होतं. वाचनाने ते पक्कं झालं, इतकंच.

वाचलेलं खोटं नव्हतं. पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश असले की क्लोरीनची त्यांच्याशी प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेनं तयार होतात, हे १९७४ साली रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं. आपल्याला पाणी पुरवणाऱ्या तानसा-वैतरणा तलावांभोवती तर जंगलच आहे. मी चाळभर हेच सांगत सुटले. टाकी धुतल्यावर क्लोरीन घालायचा नाही, हे कमिटीकडून मीच मंजूर करून घेतलं.

त्याच वर्षी जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांना जुलाब लागले. धाकटीला सलाईन लावावं लागलं. पालिकेचा माणूस तपासणीला आला. रस्त्याकडच्या नळाचं पाणी त्याने काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. टाकीतल्या पाण्याला मात्र रंगच चढेना. "ताई, यात क्लोरीन नाहीच," एवढंच तो म्हणाला. मुलं बरी झाली. आजार त्याच पाण्याने झाला, हे कुणी सिद्ध केलं नाही. पण त्या मुलीच्या आईसमोर उभं राहताना मला पुराव्याची गरज वाटली नाही.

मग आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं २०१२ चं मानक पुन्हा काढलं. क्लोरोफॉर्म लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर नको, हे मला पाठ होतं. त्याच मानकात मोकळा क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा, असंही आहे. तो आकडा मी वाचून सोडून दिला होता. पहिल्या मर्यादेमागे आयुष्यभर रोज पाणी पिण्याचा हिशेब आहे. कॉलऱ्याला एक दिवस पुरतो. आणि आपल्याकडे पाणी येतं काही तासच. बाकी वेळ रिकाम्या नळांच्या फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराची घाण आत ओढली जाऊ शकते. तिथे राखणीला असतो तो उरलेला क्लोरीनच.

उपपदार्थांची काळजी मी आजही करते, पण त्यावरचा उपाय क्लोरीनच्या आधी करायचा असतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळ जितका चोख बसेल, तितकी ही रसायनं कमी होतील. आपल्या टाकीच्या तळाचा चिखलही त्यांना खाद्य पुरवतो.

म्हणून विनंती एवढीच: पावसाआधी टाकी रिकामी करून घासून घ्या, झाकण घट्ट बसवा, सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीन घाला, आणि थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं का, हे स्वतः उभं राहून पाहा.