भाचीचे दोन वर्षांचे कॉलेज

अमेरिकेत शिक्षण म्हटले की आपल्या समाजाला एकच नाव आठवते, कोलंबिया. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली तेथे गेले, तेव्हा हे साहजिकच आहे. पण माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात स्थायिक आहे. मध्यंतरी तिने फोनवर विचारले, "दादा, पोरगी कम्युनिटी कॉलेजात जाते म्हणते. गावाकडं काय सांगायचं?"

मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. आधी हिशेब मांडला. तेथील रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर शुल्क. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिट, म्हणजे २,७६० डॉलर. पुस्तकांचा खर्च वेगळा. प्रथमच पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास शुल्कमाफीही मिळू शकते.

त्या परिसरात लॉस रिओस या एकाच सार्वजनिक संस्थेची चार कॉलेजे आहेत : सॅक्रामेंटो सिटी, अमेरिकन रिव्हर, कोसुम्नेस रिव्हर आणि फॉल्सम लेक. पहिले १९१६ सालचे. शाळा पूर्ण केलेल्याला सर्वसाधारण प्रवेशासाठी गुणांची अट नाही; नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांची निवड तेवढी वेगळी होते. कोणी मोटारदुरुस्ती शिकतो, कोणी विमानांची देखभाल. नोकरी सांभाळून शिकणारे पुष्कळ असतात.

दोन वर्षांनंतर वाट संपत नाही. ठरलेले विषय व गुण मिळवले की राज्य विद्यापीठात पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो. सॅक्रामेंटोचे राज्य विद्यापीठ ज्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा भाग आहे, तिने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. तो आपल्याच तरुण-तरुणींच्या झगड्यातून आला, हे विसरू नये.

मग यात कमीपणा कसला? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, ते नोकरी करणाऱ्या गरिबाच्या पोरांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळच्या वर्गांनिशी. दार सर्वांना खुले असले म्हणून शिक्षण हलके ठरत नाही.

एक इशारा मात्र देतो. वर सांगितलेले शुल्क तेथील रहिवाशांचे आहे. इथून व्हिसावर जाणाऱ्यास त्याच्या कितीतरी पट पैसे भरावे लागतात, शिवाय राहण्या-जेवणाचा खर्च. एजंटच्या शब्दावर शेत किंवा घर गहाण टाकू नका. कॉलेजचे शुल्कपत्रक स्वतः वाचा, नाहीतर शिकलेल्या पोरांकडून वाचून घ्या.

ज्यांची लेकरे तेथेच वाढली, त्यांनी मात्र कॉलेजचे नाव ताठ मानेने सांगावे. जयभीम!