अडत्याचा हिशेब

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या शोकसभेत मी बरंच बोललो आणि त्यातली मुख्य गोष्ट चुकीची सांगितली. २००५च्या पुरात पेवातली हळद गेली तेव्हा आप्पांनी शेतकऱ्यांचे पैसे पदरचे दिले, कायद्यानं द्यावे लागत नसताना दिले, असा देवमाणूस पुन्हा होणे नाही, असं मी म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "देवबिव नव्हते ते. त्यांनीच त्या लोकांना थांबवलं होतं."

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल खड्डा घेता येतो आणि तो ढासळत नाही. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, नाहीतर जीव जातो. भाव पडला की शेतकरी माल पेवात टाकायचा आणि वाट बघायचा. किती वाट बघायची हे तो अडत्याला विचारायचा. आमच्या पेढीवर येणारे आप्पांना विचारायचे.

त्या साली जुलैअखेर पाणी चढलं, हरिपुरात शिरलं आणि पेवांत उतरलं. भिजलेली हळद कुजली. मी तेव्हा पेढीवर नवा, वाणिज्य शाखेची पदवी ताजी. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १५२ मला पाठ होतं : दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यानं वाजवी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. मी आप्पांना ते कलम वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मार्केट यार्डाजवळचा प्लॉट कितीला जाईल?"

तो प्लॉट माझ्या नावानं घेऊन ठेवायचा असं घरात बोलणं झालेलं होतं. मी आप्पांशी बोलणं टाकलं. कामापुरतं बोलायचो, पोती, पट्टी, तोलाई, बस. पुढं बरीच वर्षं मित्रांमध्ये हा किस्सा मी म्हाताऱ्याचा भाबडेपणा म्हणून रंगवून सांगायचो. ते गेल्यावर त्याच किश्शाचं थोरपण करून सांगितलं. दोन्ही वेळा मला त्यांच्याबद्दल खरी माहिती नव्हती, आणि विचारायचं डोक्यातही आलं नव्हतं.

आईनं सांगितलं ते असं. उन्हाळ्यात पेवातला माल काढून विकू का, असं त्या शेतकऱ्यांनी विचारलं होतं. भाव बेताचाच होता. आप्पा म्हणाले, श्रावणापर्यंत थांबा, चढेल. अंदाज होता, शंभरदा बरोबर आलेला. या खेपेस भावाचं काय झालं असतं कोण जाणे, त्याआधी नदी आली. पैसे दिले ते दयेपोटी नव्हे. आपल्या शब्दावर थांबलेल्यांचं नुकसान झालं, म्हणून दिले. माझ्या कलमात शब्दाची किंमत कुठं येत नव्हती.

आणि हे आईला कसं माहीत? रोज दिवेलागणीला आप्पा घरी येत, हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसत आणि दिवसाचे सगळे सौदे तिला सांगत. राजापुरी हळदीला काय भाव निघाला, कुणी उचल मागितली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय. मला वाटायचं, ते आपले बोलतात आणि ती भाजी निवडत हूं हूं करते. ते गेल्यावर त्यांच्या खिशातल्या वह्या मला लागेनात. नावांऐवजी खुणा, बैलाचं शिंग, विहीर, तुळस. आईनं पानामागून पान वाचून दाखवलं. माझ्या संगणकात नसलेली अर्धी पेढी तिच्या डोक्यात होती.

शेवटी शेवटी आप्पा बोली चुकीची ऐकत. मला वाटलं, वय झालं, डोकं चालेना. एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "आप्पा, तुम्ही आता घरीच बसा." ते उठले, टोपी घातली, गेले. पुढं तपासणीत कळलं की डोकं ठणठणीत होतं, कान गेले होते. यंत्र आणलं तोवर ते गादीवर परत यायला तयार नव्हते. याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही.

त्याहून वाईट गोष्ट तेराव्यानंतर केली. इच्छापत्र नव्हतं. घर आणि पेढी आप्पांची स्वकष्टाची, म्हणजे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, बहीण आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. मला हे कलमही पाठ होतं, पण या वेळी मी ते कुणाला वाचून दाखवलं नाही. "बँकेच्या कामाला लागतं" म्हणून हक्कसोडपत्र तयार केलं आणि ताई सासरी परतायच्या आत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिची आणि आईची सही घेतली. ताईनं कागद न वाचता सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू विचारलं असतंस तरी केली असती."

वह्या वाचून संपल्या तेव्हा मी वकिलाकडे गेलो. नोंदलेलं हक्कसोडपत्र नुसतं फाडून चालत नाही. ताईच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र केलं, मुद्रांक शुल्क मी भरलं. आईनं तिचा हिस्सा परत घ्यायला नकार दिला. वह्या मात्र स्वतःच्या कपाटात ठेवून घेतल्या.

पुराच्या सालच्या वहीत प्रत्येक खुणेपुढं आप्पांची बरोबरची खूण आहे. एका खुणेपुढं नाही. ती विहीर कुणाची, हे आईलाही आठवत नाही. पलूस भागातला माणूस असावा, एवढंच ती सांगते. रक्कम लिहिलेली आहे. ती पेढीच्या खात्यात देणे म्हणून धरली आहे आणि अजून द्यायची आहे.