पहिल्या हंगामातली बोट

डिसेंबरात आम्ही जिचं बुकिंग केलं, ती बोट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. बोटी भाड्याने देणाऱ्या कंपनीने पाठवलेली चित्रं कॉम्प्युटरवर काढलेली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नवी कोरी, पहिला हंगाम’. मे महिन्यात ग्रीसच्या लेफकादा बेटावरून निघायचं आणि आठवडाभर आयोनियन बेटांमध्ये फिरायचं, असा बेत होता. पुण्याहून ताई आणि भाऊजी येणार होते, लंडनहून मी आणि माझा नवरा. शिडाची बोट चालवण्याचा परवाना माझ्याकडे असल्याने चौघांची जबाबदारी माझ्यावर होती.

या बोटी पाण्यापर्यंत कशा पोचतात ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बव्हेरिया या प्रसिद्ध जर्मन कंपनीचा कारखाना गीबेलश्टाट या गावात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. थंडीत बोट बांधून होते, ट्रकवर चढते. डोलकाठी वेगळी बांधलेली असते. ग्रीसच्या यार्डात आल्यावर डोलकाठी उभी करायची, तारा ताणायच्या, तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग द्यायचा, उपकरणं जोडायची, शिवाय नोंदणी आणि चार्टरचा, म्हणजे भाड्याने देण्याचा, परवाना. एक काम रखडलं की पुढची सगळी रखडतात, पण हंगामाचे आठवडे कधीच विकून झालेले असतात. करारात एक कलम होतं की बोट वेळेत तयार झाली नाही तर ‘तशीच’ दुसरी दिली जाईल. तशीच म्हणजे किती तशी, हे कंपनीनेच ठरवायचं.

आमची बोट तयार होती, म्हणजे दोन दिवसांपूर्वी पाण्यात उतरली होती. चार्टरचा आठवडा तिकडे शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होतो. आम्ही पोचलो तेव्हा गाद्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं आणि दोन कामगार फळी उचलून आत वायरी जोडत होते. बोट ताब्यात मिळाली तेव्हा अंधार पडला होता. भाऊजींची हयात पुण्याच्या मोटार कारखान्यात गेली आहे. नवी गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी तिची पीडीआय होते, तपासणीचा कागद भरला जातो. त्यांनी तसा कागद मागितला. बेसवरच्या मुलाने छापील यादी दिली. खाली सही होती, चौकोन सगळे रिकामे. इंजिनाच्या मीटरवर तीन तास दिसत होते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती खोली दाखवणाऱ्या यंत्राची. पडद्यावर ३.२ मीटर आकडा होता. हा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून, बोटीच्या पोटात बसवलेल्या सेन्सरपासून की तळाखाली उतरलेल्या वजनदार पात्याच्या, म्हणजे कीलच्या, टोकापासून? यंत्रात ते जुळवून द्यावं लागतं, आणि जुन्या बोटीत ते कोणीतरी कधीच जुळवलेलं असतं, कागदावर लिहून चिकटवलेलं असतं. इथे कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही दोरीला वजन बांधून धक्क्यालगत खाली सोडलं आणि टेपने दोरी मोजली. पाणी ३.७ मीटर भरलं. सेन्सर पृष्ठभागाखाली सुमारे अर्धा मीटर होता, म्हणजे आकडा सेन्सरपासूनचा. आमची कील २.१ मीटर खोल, म्हणून तिच्याखाली खरं पाणी १.६ मीटर. हा आकडा कीलखालचा आहे असं समजून कोणी खडकाळ खाडीत शिरला असता, तर पडद्यावर १.६ मीटर दिसत असताना बोट तळाला टेकली असती. पहिल्या आठवड्यातल्या कुटुंबावर हे शोधायची वेळ यावी, याचा मला आजही राग येतो.

त्याच रात्री नांगराची साखळी बाहेर काढली. नवी चकचकीत, पण किती मीटर सोडली हे कळायला तिच्यावर एकही खूण नव्हती. नवऱ्याने दर दहा मीटरला रंगीत केबल टाय बांधले. सकाळी डोलकाठीच्या तारा पाहताना एका ताणस्क्रूची पिन सरळच दिसली. तिची टोकं वाकवलेली नसली तर ती हळूहळू निसटते, आणि पुढे तार सुटली तर डोलकाठी खाली येते. भाऊजींनी पक्कड मागून घेतली आणि एकेक पिन तपासली.

दुपारी मेगानिसी बेटावरच्या वाथी बंदराकडे निघालो. वाटेत डाव्या हाताला स्कॉर्पिओस, ग्रीक जहाजमालक ओनासिसचं एकेकाळचं बेट. १९६८ मध्ये जॅकी केनेडीशी त्याचं लग्न तिथेच लागलं. दुपारी या भागात वायव्येचा वारा धरतो. खलाशी त्याला माइस्त्रो म्हणतात. वाथीच्या तोंडाशी शिडं उतरवून इंजिनावर आत जायचं, तेवढ्यात इंजिनाचा आवाज बसला. फेरे कमी झाले, पुन्हा वाढले, पुन्हा कमी झाले. आत दोन बोटींच्या फटीत मागे मागे घालून बोट लावायची असते आणि वारा आम्हाला थेट खाडीत ढकलत होता. तिथे इंजिन बंद पडलं असतं तर सावरायला जागाच नव्हती. मी लगेच बोट वळवली, पुढचं शीड उघडलं आणि मेगानिसीच्या उत्तर किनाऱ्याने पूर्वेला आबेलाकीच्या खाडीकडे निघाले. ताईला बोट लागली होती, तरी ती डोळे मिटून दोरी धरून बसली होती. आबेलाकीत नाळ वाऱ्याकडे वळवून शीड गुंडाळलं आणि नांगर सोडला. चौथा केबल टाय बाहेर गेल्यावर नवऱ्याने ओरडून सांगितलं.

डिझेलच्या फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पांढरा कीस तरंगत होता. टाकीला भोकं पाडताना निघालेला प्लास्टिकचा आणि फायबरचा चुरा कारखान्याने साफ केलेला नव्हता. लाटांनी तो ढवळला आणि फिल्टर तुंबला. बोटीवर दुसरा फिल्टर नव्हता. चार हंगाम फिरलेल्या बोटीत टेबलाखाली एक खण असतो. त्यात फिल्टर, पंपाचे पट्टे, क्लिपा, आधीच्या मेकॅनिकने ठेवून दिलेलं काय काय सापडतं. आमचा खण रिकामा होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक रबरी बोटीतून आला, संध्याकाळपर्यंत टाकी उपसत राहिला. इथाकाला जायचा आमचा दिवस तिथेच गेला.

मग बोटीच्या तळात पाणी सापडलं. मी बोटाचं टोक त्यात बुडवून जिभेला लावलं. गोडं होतं, म्हणजे समुद्र आत येत नव्हता. गिझरच्या नळीची क्लिप सैल राहिल्याने पिण्याच्या पाण्याची टाकी तळात रिकामी झाली होती. त्या पाण्याला रेझिनचा वास होता, म्हणून ताईने चहासाठी बाटलीबंद पाणी आणायला लावलं.

परत देताना पाणबुड्याने खाली जाऊन तळ पाहिला. डिपॉझिट तीन हजार युरोंचं होतं. जुन्या बोटीच्या यादीत आधीचे ओरखडे लिहिलेले असतात. नव्या बोटीवरचा प्रत्येक ओरखडा तुमचा धरला जातो. आमच्या पिछाडीवर एक बारीक चरा दाखवला गेला. पहिल्या रात्री टॉर्चच्या उजेडात नवऱ्याने बोटीचे चारही बाजूंनी फोटो काढले होते, त्यात तो चरा स्पष्ट दिसत होता. डिपॉझिट पूर्ण मिळालं. वाया गेलेल्या दिवसाचं भाडं मात्र पत्रांवर पत्रं पाठवून सप्टेंबरात परत आलं.

आता बुकिंगआधी मी तीन गोष्टी लेखी विचारते: बोट पाण्यात कोणत्या महिन्यात उतरली, इंजिन किती तास चाललं आणि पहिली सर्व्हिस झाली का. यानमारच्या लहान इंजिनात पहिलं तेल साधारण ५० तासांनी बदलतात. मीटर त्यापुढे गेलेलं असलं की सुरुवातीचे बरेच दोष कोणाच्या ना कोणाच्या हाती लागून गेलेले असतात. पुढच्या मे महिन्यासाठी प्रेवेझाहून जी बोट घेतली आहे, ती चौथ्या हंगामातली आहे आणि तिच्या उशांचे अभ्रे फोटोतही विटलेले दिसतात. ताईने यायचं कबूल केलं आहे, भाऊजींनी फिल्टरचा मॉडेल नंबर मागवून घेतला आहे.