लिहून ठेविलेले यंत्र

यंत्र आले की माणसाचे काम जाते, ह्या भीतीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या परभणी जिल्ह्यात हा क्रम थोडा निराळा आहे. येथे माणूसच आधी जातो. दसरा उलटला की ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात, आणि परीक्षांचे निकाल लागले की पुण्याच्या गाडीला पदवीधरांची गर्दी होते. तोडणीस गेलेला पावसाळ्यापूर्वी परत येतो; पदवीधर येतो तो लग्नकार्यापुरता. त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही जाते, ही गोष्ट मात्र आपण सहसा हिशेबात धरीत नाही. आमच्या ध्यानात ती आली ती महाविद्यालयाच्या संगणककक्षामुळे. म्हणून ह्या काहीशा रूक्ष विषयावर चार शब्द लिहिण्याची अनुज्ञा आम्ही वाचकांपाशी मागतो.

आम्ही इंग्रजीचे अध्यापक. संगणककक्षाच्या समितीवर आमची नेमणूक झाली ती वयाच्या अधिकाराने, विषयाच्या नव्हे. त्या कक्षात मोठी यंत्रे, म्हणजे सर्व्हर, दोनच. परंतु त्यांच्या पोटात अकरा संगणक चालतात. एकावर ग्रंथालयाची सूची, दुसऱ्यावर प्रवेशाचे अर्ज, तिसऱ्यावर परीक्षेचे गुण. हे कसे, असे विचारता उत्तर मिळाले, "सर, हे व्हर्च्युअलायझेशन." शब्द अवजड आहे, पण अर्थ आमच्या भागात सहज कळण्याजोगा आहे. जायकवाडीचा डावा कालवा पैठणपासून 208 किलोमीटर लांबीचा असून तो ह्या जिल्ह्यात येतो. पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, आणि पाळी चालू असेतो प्रत्येक शेतकऱ्यास कालवा आपलाच वाटतो. एका यंत्राचे बळ अनेकांस असेच वाटून देणारा जो पाटकरी, त्यास हायपरव्हायझर म्हणतात. आतील प्रत्येक संगणकाची समजूत अशी की, सारे यंत्र आपलेच; शेजाऱ्याची त्यास वार्ताही नसते. कालव्याचा दोषही येथे संभवतो. आहे त्याहून अधिक पाण्याचे वचन देऊन ठेविले, तर सर्वांनी एकदम मागणी करताच शेवटचे शेत कोरडे राहते. कालव्याच्या शेवटाकडील आम्हा लोकांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

ही विद्या वाटते तितकी नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात तिचे प्रयोग 1960 नंतरच्या दशकात झाले, आणि 1972 साली व्हीएम/370 ह्या नावाने ती ग्राहकांपुढे आली. त्या काळी यंत्र इतके महाग होते की वाटून घेणे भागच असे. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने तीच युक्ती साध्या संगणकांवर आणिली. पुढे 2007 साली केव्हीएम लिनक्समध्ये समाविष्ट झाल्यावर ती लिनक्सबरोबरच विनामूल्य मिळू लागली. आमच्यासारख्या महाविद्यालयास ती परवडली ती ह्यामुळेच.

कक्षाची ही रचना एका कंत्राटी तरुणाने केली होती. कोणत्या संगणकास किती स्मृती, किती जागा, जाळ्यावर कोणता पत्ता, कोणते दार उघडे व कोणते बंद, रात्रीची नक्कल कोठे ठेवावयाची, हे सर्व त्याने हाताने ठरविले आणि डोक्यात ठेविले. कामात तो चोख होता. पुण्यास दुप्पट वेतन मिळाले आणि तो गेला. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही गेलो असतो. पुढे मे महिन्यात, ऐन उन्हाच्या कडाक्यात, दीर्घकाळ वीज गेली, बॅटऱ्या संपल्या आणि दोन्ही यंत्रे निजली. वीज आली, यंत्रेही सुरू झाली. परंतु प्रवेशाचे पान उघडेना. साठवणीचा संगणक आधी, मग नावांवरून पत्ते सांगणारा, मग माहितीकोश आणि शेवटी संकेतस्थळ, असा त्यांना जागे करण्याचा क्रम होता, आणि तो तेथे कोणासच ठाऊक नव्हता. खेड्यांतून आलेली मुले व त्यांचे पालक तीन दिवस व्हरांड्यात बसून होते. सोनपेठकडून आलेल्या एका वृद्ध पालकाने दुसऱ्या दिवशी आम्हांस विचारले, "सर, ज्यानं हे लावलं, तो कुठं हाय?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, त्याचा त्या मुलांस काही उपयोग नव्हता. अखेर तिसऱ्या रात्री त्याच तरुणाने फोनवरून क्रम सांगितला, तेव्हा यंत्रे मार्गी लागली.

त्याच्या जागी जिंतूर तालुक्यातील एक मुलगी आली. पहिले सहा महिने तिने नवे काहीच केले नाही. जे होते ते लिहून काढिले. यंत्रे उभी करण्याचे व त्यांची मांडणी लावण्याचे काम अशा लिखितावरून आपोआप करणारी साधने आता आहेत. 2012 साली निघालेले अ‍ॅन्सिबल आणि 2014 साली निघालेले टेराफॉर्म ही त्यांतील प्रसिद्ध होत. त्या लेखनाची भाषा पाहून आमच्यातील व्याकरणाचा अध्यापक जागा झाला. ‘हे कर, मग ते कर’ अशी आज्ञार्थी वाक्ये तीत थोडी. ‘ह्या नावाचा संगणक असावा, त्याचे घड्याळ भारतीय वेळेचे असावे, अमुक सेवा चालू असावी,’ असा बहुतेक सारा विध्यर्थ! साधन ते वाचते, प्रत्यक्ष स्थिती पाहते, आणि उणे असेल तेवढेच पुरे करते. सर्व यथास्थित असल्यास स्वस्थ बसते. आमटीत मीठ घाल, अशी आज्ञा दोनदा दिली तर आमटी खारट होते. आमटीत मीठ बेताचे असावे, ही इच्छा दहादा बोलून दाखविली तरी काही बिघडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिने समितीदेखत ग्रंथालयाचा संगणक पुसून टाकिला. आमच्या पोटात गोळा आला. पहिला चहा संपून दुसरा येईपर्यंत तो पूर्ववत उभा होता. मात्र तिने लगेच बजाविले की, रचना लिखितावरून पुन्हा उभी राहते, परंतु पुस्तकांच्या नोंदी रात्रीच्या नकलेतूनच परत आणाव्या लागतात; एकीने दुसरीचे काम होत नाही.

लिहून ठेविले म्हणजे भागले, असेही नव्हे. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे धुंडाळण्यात आली, तेव्हा ठिकठिकाणी मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला. कागद होते, वाचक उरले नव्हते. आमच्या ह्या मुलीने म्हणूनच प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ का लिहिली, हे साध्या मराठीत नोंदून ठेविले आहे, आणि द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांस ती ते वाचावयास लाविते. परवा त्यांतील एकाने एक सुटलेली पायरी शोधून काढिली.

समितीत एका सभासदाने सूचना केली की, हा सारा व्याप क्लाउडवर न्यावा. म्हणजे विजेची चिंता नको आणि उन्हाचीही नको. सूचना वावगी नाही. सरकारच्या मेघराज उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड 2014 साली सुरू झाला, आणि अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील केंद्र 2016 पासून चालू आहे. परंतु भाड्याच्या घरात भिंत आपली नसते. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत तेवढी ठेविली. घरमालक बदलला की अटीही बदलतात. अशा वेळी रचना लिहिलेली असेल तर बिऱ्हाड हलविता येते. मालकागणिक काही पाने पुन्हा लिहावी लागतात हे खरे. पण कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागत नाही.

ती मुलगीही जाईल, हे आम्ही धरून चाललो आहो. तिला अडविण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि इच्छाही नाही. आमचे भय निराळेच आहे. गेल्या सभेत एका चिटणिसांनी विचारले, "सर्व लिहिलेलेच आहे, तर मग पुढे ही जागा भरावयाची कशाला?" यंत्राने माणसाचे काम जाते, ती जुनी भीती अशी आमच्या दारी अखेरीस आलीच, आणि तिला आणिले ते यंत्राने नव्हे. आम्ही त्यांना इतकेच सांगितले की, ते लिखित रोज वाचणारा, चुकले तेथे खोडणारा आणि नवे तेथे भर घालणारा कोणी नसेल, तर पाच वर्षांत त्याचे मोडी होईल. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. त्या सभेस आम्ही त्या दोन विद्यार्थ्यांस बोलाविणार आहो.